तेवीस दोषांची ढेप

आपला फोटो चौकात वीस फूट उंचीवर बघायची वेळ वैऱ्यावरही येऊ नये. त्यातून तो कुणाच्या तरी लग्नातला, पंगतीत बसलेला, गालात अर्धी जिलेबी. सकाळी दुकान उघडायला निघाले होते, तर आमच्या पेठेच्या चौकात हा फ्लेक्स. "तीन वर्षांची प्रतीक्षा संपली! गूळ-तीन, अर्थात ढेप! येत्या दसऱ्याला, सकाळी ठीक अकरा वाजता!" खाली शुभेच्छुकांचे चौसष्ट चेहरे, त्यात दोन तान्ही बाळं आणि एक लॅब्राडोर.

ढेप दसऱ्याला येणार हे मला त्या फ्लेक्सवरून कळलं. आणि ढेप बनवणारी मी.

स्कूटर तिथंच कडेला घेतली आणि धाकट्या दिराला फोन लावला. धैर्यशील चौगुले, आमच्या मंडळाचा अध्यक्ष. नाव धैर्यशील, पण माझा फोन म्हटला की पाच रिंगा झाल्याशिवाय उचलायची छाती होत नाही.

"वैनी, बघितला काय फ्लेक्स? कसला आलाय न्हवं?"

"दसरा कुणी सांगितला तुला?"

"कुणीतरी सांगायला पायजे म्हणून मीच सांगितला."

"अरे मेल्या, कामं किती पडलीत माहीत आहे का? बावीस दिवसांत सिस्टीम होते होय?"

"हॉल मिळत नव्हता वैनी. दसऱ्याची सकाळ तेवढी मोकळी होती. मग काय करणार? आणि शिक्षण खात्याच्या बाईंनाबी बोलावलंय. त्या म्हणाल्या, ह्या वेळी दाखवलं न्हाई तर आम्ही कंपनीशी करार करून मोकळे."

मी फोन ठेवला. भर चौकात, वर जिलेबी खाणारी मी आणि खाली घाम पुसणारी मी.

तुम्हाला आमची भानगड माहीत नसणार, म्हणून सांगते. कॉम्प्युटर म्हणजे नुसता डबा. त्याला ऊठ, बस, हे दाखव, ते छाप असं सांगणारा एक कारभारी आत लागतो, त्याला ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात. मोठ्या कंपन्या आपला कारभारी कुलपात ठेवतात आणि भाड्यानं देतात. आमचा उघड्यावर. गुऱ्हाळावर कसं, कुणीही येतं, काहिलीत डोकावतं, रस पितं, वर "जरा जास्तच शिजलाय" म्हणून अक्कल शिकवतं, आणि मालक कुणाला जा म्हणत नाही. तसंच आमचं. आतला सगळा कोड जगाला खुला, ज्याला जमेल त्यानं सुधारावा. म्हणून सिस्टीमचं नाव गूळ. पहिली आवृत्ती रस, दुसरी काकवी आणि तिसरी ही ढेप.

दुसऱ्या देशांत असल्या सिस्टीमांमागं संस्था असतात, विश्वस्त असतात. कोल्हापुरात तरुण मंडळ असतं. खुला गूळ तरुण मंडळ, सरासरी वय सत्तेचाळीस. अध्यक्ष, दोन उपाध्यक्ष, एक मिरवणूकप्रमुख. आणि काम करायला वहिनी. माझं नाव पद्मजा आहे हे मंडळात कुणाला आठवत असेल असं वाटत नाही. कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवते आणि गुळाची शेवटची चाळणी माझ्या हातात असते. कुणीही काहीही लिहिलं तरी मी "घेतलं" म्हटल्याशिवाय ते गुळात जात नाही.

आणि ढेपेवर अडून होत्या जिल्ह्यातल्या दोनशे बारा शाळा. त्यांच्याकडची मशीन पंधरा वर्षांची. कंपन्यांच्या नव्या सिस्टीमा त्यांच्यावर चढतच नाहीत. ढेप आली तर ती मशीन जगणार, नाहीतर भंगारात जाणार, आणि मंडळही त्यांच्याबरोबरच. तीन वर्षं नुसतं "येतंय, येतंय" ऐकून माणसं कंटाळली होती.

मग मी काढत का नव्हते? श्रीपालकाकांमुळं.

श्रीपाल मिरजे, पंच्याहत्तरीचे, मंडळाच्या प्रत्येक बैठकीत पहिल्या रांगेत. तीन वर्षांपूर्वी काकवी आली तेव्हा त्यांनी हौसेनं पहिल्याच दिवशी चढवून घेतली. माझ्या एका चुकीनं सिस्टीमनं त्यांच्या मशीनमधला एक भरलेला कप्पा रिकामा समजून पुसून टाकला. त्यात विमलकाकींचे आवाजी निरोप होते, अकरा वर्षांचे. काकी आधीच्या वर्षी गेल्या होत्या. निरोप तरी कसले, "कुठं मेलाय? दूध आणायला गेलाय का म्हस घ्यायला?" असले. काका रोज सकाळी चहाबरोबर एक ऐकायचे. मी आठ दिवस त्या डिस्कपुढं बसले, पण एक शब्द परत आला नाही. काका म्हणाले, "असू दे." त्या दिवसापासून मी त्यांच्या डोळ्याला डोळा देऊन बोललेले नाही. आणि त्या दिवसापासून एकही दोष राहिलेला असेल तर मी सिस्टीम सोडत नाही.

फ्लेक्स लागला आणि गावाच्या अपेक्षांना पाय फुटले. मंडळाच्या ग्रुपवर रोज नवी बातमी. ढेप चढवली की बंद पडलेला लॅपटॉप आपोआप सुरू होतो. ढेप दहावीचा पेपर आधी सांगते. ढेपेत पत्रिका जुळवायचं आहे, मंगळ असला तर सौम्य करून देते. एक मावशी दुकानात मिक्सर घेऊन आल्या, म्हणाल्या, "दसऱ्यानंतर ह्याच्यावर पण चढंल न्हवं? पातं अडकतंय." मी सगळ्यांना सांगत होते की बाबांनो, ही सिस्टीम आहे, नवसाचा देव नाही. त्यावर धैर्यशीलनं ग्रुपवर लिहिलं, "वैनी सस्पेन्स ठेवायल्यात."

ढेपेत खरं नवीन होता तो काटा. आणि काटा माझा, हे मी लाज सोडून सांगते.

मुलांना शिकवणारे जे बोलके प्रोग्राम हल्ली आलेत ते इतके जड आहेत की जुन्या मशीनवर नुसते उघडायला वीस मिनिटं लागतात. तोवर वर्गाचा निम्मा तास संपतो. उपाय एकच, बाईंनी बटण दाबायच्या आधीच मशीननं तयारीला लागायचं. पण बाई काय करणार हे मशीनला कसं कळावं? बाई वहीत लिहितात, "उद्या दहाला पचनसंस्था दाखवते." काही बाई दाखवतात. काही बाईंना ऐन वेळी मुख्याध्यापक बोलावतात. छपरावरच्या सोलरची वीज मोजकी. जे होणारच नाही त्यासाठी मशीन तापवलं तर जे होणार आहे त्याला वीज उरत नाही.

म्हणून काटा. तुम्ही "करतो" म्हणालात की तो मशीनमधले जुने निरोप, नोंदी, सगळं मागचं बघतो. ह्या माणसानं असल्या कामाचा, ह्या वारी, अमक्याला दिलेला शब्द आजवर कितीदा खरा झाला? त्यावरून तो शब्दाचं शंभरात वजन काढतो. वजन भरलं तर तयारीला लागतो, नाहीतर मशीन झोपून राहतं. तुमच्या मनात काय होतं ते त्याला कळत नाही. का झालं, का नाही झालं, तेही नाही. बोललेलं झालं की नाही, एवढंच तो मोजतो, आणि ते मात्र वाण्यापेक्षा चोख मोजतो.

चाचणीपुरता हा आकडा प्रत्येक शब्दापुढं बारीक अक्षरात दिसायचा. नंतर काढायचा होता. शकील मुजावर, आमच्याकडचा छपाईचा भाग सांभाळणारा, म्हणाला, "मी काढतो वैनी, दोन दिवसांत." आणि त्याच्या त्या निरोपापुढंच आकडा उमटला, सहा.

तो आकडा राहिला तो राहिलाच. तशातच धैर्यशीलनं चाचणीची प्रत मंडळाच्या तीनशे घरांत वाटून टाकली. का, तर लोकांना चव कळू दे.

चव कळली. पहिल्याच दिवशी "पाच मिनिटांत पोचतो" ह्या वाक्याचं अख्ख्या कोल्हापुरातलं सरासरी वजन कळलं, तीन. उपाध्यक्षांनी व्याह्यांना लिहिलं, "या की एकदा घरी जेवायला." पुढं आकडा आला, एक. व्याह्यांनी तो बघितला. चाळीस वर्षं आपण सगळे दारात उभं राहून हेच म्हणत आलो, ऐकणाऱ्यालाही ठाऊक असतं, कुणी त्यावर जेवायला निघत नाही. पण आकडा लिहून आला की राग येतो माणसाला. व्याही म्हणाले, "एक तर एक, आम्ही रविवारी येतोय," आणि सोळा माणसं घेऊन आले. तांबडा-पांढरा रस्सा करता करता उपाध्यक्षीणबाईंनी माझा उद्धार केला, तो मला घरपोच कळवण्यात आला.

मंडळातल्या एका शिंप्याच्या "ताई, गुरुवारी ब्लाऊज नक्की"ला चार वजन पडलं. बिचारा दोन दिवस तोंड लपवून बसला. तिसऱ्या दिवशी त्यानं सगळ्या गिऱ्हाइकांना लिहिलं, "ब्लाऊज दिवाळीनंतर मिळेल." सत्त्याण्णव. आठवड्याभरात त्याच्या दुकानापुढं रांग लागली, कारण गावात तेवढाच एक शिंपी भरवशाचा निघाला.

हसू येत होतं मला, खोटं कशाला बोलू? वाटत होतं, बरं झालं, आता कळेल सगळ्यांना तीन वर्षं कुणामुळं गेली ते.

पुढच्या रविवारी सकाळी शाळेच्या हॉलमध्ये बैठक झाली. राहिलेल्या कामांची यादी भिंतीवर दाखवली, आणि त्याखाली जो तो आपापला शब्द लिहायला लागला.

"छपाई मी पुरी करतो," शकीलनं लिहिलं. सहा.

"अक्षरांचा सगळा भाग शुक्रवारपर्यंत देते," तेजस्विनी मगदूमनं लिहिलं. ही मुलगी इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवते, मराठी अक्षरं स्क्रीनवर नीट दिसावीत हे तिचं काम. तिला पडले नऊ.

मी हातांची घडी घालून उभी होते. म्हटलं, "बघा! बघा आपापले आकडे. आणि वर मला विचारता, ढेप कधी?"

तेवढ्यात धैर्यशील उठला. त्याच्या मनात काही काळंबेरं नव्हतं, हे मी आजही शपथेवर सांगेन. तो म्हणाला, "वैनी, सगळ्यांचा धीर सुटलाय. तुम्ही लिहा की, दसऱ्याला काढते म्हणून. तुमचा आकडा बघून जरा बरं वाटंल सगळ्यांस्नी."

मी ऐटीत गेले आणि लिहिलं, "ढेप दसऱ्याला काढते."

दोन.

आधी कुणीच हसलं नाही. मग मागून तो शिंपी बारीक आवाजात म्हणाला, "मला चार होते." आणि अख्खा हॉल फुटला. शकील भिंतीला टेकून हसत होता. श्रीपालकाकांनी तेवढं हसू रुमालात धरलं.

"काटा बिघडलाय!" मी ओरडले. "आत्ताच्या आत्ता दुरुस्त करते!"

तेही वाक्य लिहून कुणीतरी आकडा काढला असणार, पण मी बघायला थांबले नाही.

घरी आले तर सुहास भाकरी थापत होता. सुहास माझा नवरा, हायस्कुलात भूगोल शिकवतो. रविवारी स्वयंपाक त्याचा, असं आमचं लग्नापासून ठरलंय. मी चप्पल काढता काढता सगळं सांगितलं, काट्याला, मंडळाला, धैर्यशीलला, सगळ्यांना शिव्या घातल्या. बोलता बोलता त्याच्या हातातला गोळा घेतला आणि थापायला लागले, कारण त्याची भाकरी एका बाजूला जाड राहते.

"आकडा बरोबर असेल," तो म्हणाला.

"तूसुद्धा?"

"पद्मा, रविवारी स्वयंपाक मी करतो असं मी किती वर्षं म्हणतोय?"

"तेवीस."

"आणि शेवटची भाकरी तव्यावर मी कधी टाकली?"

मी परातीकडं बघितलं. माझे दोन्ही हात मनगटापर्यंत पिठात, आणि तो रिकामे हात घेऊन ओट्याला टेकून उभा. तो चिडला असता तर बरं झालं असतं, पण तो हसत होता.

जेवण झाल्यावर मी काट्याची सगळी नोंद उघडली. दुरुस्त करायलाच उघडली होती, खरं सांगते. माझ्यासाठी एक ओळ बदलली की दोनाचे ब्याण्णव झाले असते आणि कुणाच्या बापाला कळलं नसतं. पण आधी दोष सापडायला हवा, म्हणून वाचत गेले.

तीन वर्षांत मी ढेपेच्या एकतीस तारखा दिल्या होत्या, आणि एकतीसही आदल्या दिवशी मागं घेतल्या होत्या. कधी एक खिडकी दोन केसांइतकी सरकत होती, कधी घड्याळ एक सेकंद मागं होतं.

मग शकीलचं बघितलं. छपाईतलं काम त्यानं सतराव्यांदा अंगावर घेतलं होतं. सोळा वेळा सुरूही केलं होतं. आणि सोळाही वेळा, त्यानं सांगितलेल्या दिवसाच्या आधीच, ते पुरं करून ठेवलं होतं मी. पहाटे पाचला उठून, त्याचं अर्धं लिहिलेलं पुसून, माझ्या पद्धतीनं. तेजस्विनीचंही तसंच. तिच्या अक्षरांवरून मी अकरा वेळा हात फिरवला होता. त्यांनी "करतो" म्हटलेलं त्यांच्या हातून कधी झालंच नव्हतं, मग काटा काय मोजणार? त्यात काही बिघडलं नव्हतं. बिघडवलं होतं ते मी, एकेका माणसाचं, आणि वर हातांची घडी घालून त्यांना आकडे दाखवत होते.

मला रडू आलं. सुहासनं चहा ठेवला. ह्या खेपेला मी उठून साखर टाकायला गेले नाही.

दुसऱ्या दिवशी ग्रुपवर लिहिलं, "छपाई शकीलची. अक्षरं तेजस्विनीची. मी हात लावणार नाही. चुकलं माझं." शेवटच्या दोन शब्दांवर ग्रुपवर एवढी खळबळ उडाली की धैर्यशील धावत घरी आला, वैनींची तब्येत बरी आहे ना बघायला.

पुढचे दिवस मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. पहाटे पाचला जाग यायची आणि हात शिवशिवायचे. सुहास झोपेतच माझं मनगट धरून ठेवायचा. शकीलनं छपाई पुरी केली, चार दिवस उशिरा, पण केली. तेजस्विनीनं अक्षरं दिली. काही जणांनी नाहीच दिलं काही. दसऱ्याच्या आदल्या दिवशी मोजलं तर ढेपेत तेवीस दोष शिल्लक होते. सतरा नंबरचा तर असला हास्यास्पद की सांगायची चोरी, सिस्टीम वार चुकीचा दाखवत होती. एरवी मी तीन महिने पुढं ढकललं असतं.

दसऱ्याला सकाळी हॉल गच्च भरला. दाराशी हलगी, आत झेंडूची तोरणं, आणि व्यासपीठामागच्या पडद्यावर अजूनही माझा शब्द, "ढेप दसऱ्याला काढते," आणि पुढं दोन. आकडा काढायचं काम शकीलनं शेवटी ठेवलं होतं. शिक्षण खात्याच्या बाई पुढच्या खुर्चीत, मांडीवर फाइल. धैर्यशीलनं नारळ फोडला आणि माईक माझ्या हातात दिला. कानात म्हणाला, "वैनी, पुढं ढकलायची असली तर आत्ताच सांगा. मी सांभाळून घेतो, लायटी गेल्या म्हणतो."

एवढा चांगला तो माझ्याशी गेल्या वीस वर्षांत कधी वागला नव्हता.

मी कागद काढला. भाषण नव्हतंच. "ढेपेत तेवीस दोष आहेत," म्हटलं, "ते वाचून दाखवते." आणि वाचायला लागले. एक नंबर, दोन नंबर. धैर्यशीलचा चेहरा पडत पडत पार छातीला टेकला. सात नंबरला मागून कुणीतरी ओरडलं, "ते मी करतो!" शकीलनं ते पडद्यावर लिहून घेतलं, आकडा आला, एकोणीस. बाराला तेजस्विनीनं हात वर केला. सतराला, वार चुकतो म्हटल्यावर, सगळे हसले, आणि व्यासपीठावरून धैर्यशीलच म्हणाला, "ते मी करतो." ह्या माणसानं जन्मात कोडची एक ओळ लिहिलेली नाही. पडद्यावर एक उमटला, तोही मला वाटतं काट्यानं भीड म्हणून दिला.

यादी संपली. "आता पहिली प्रत कुणाच्या मशीनवर चढवायची?"

पहिल्या रांगेतून श्रीपालकाका उठले. काखेत कापडी पिशवी, पिशवीत तोच जुना लॅपटॉप.

माईक खाली ठेवला. "काका, तुमचं नको. दुसऱ्या कुणाचं तरी आधी होऊ दे."

"का?"

"काकींचा आवाज मी..."

काकांनी लॅपटॉप माझ्यापुढं ठेवला. "हे बघ पोरी. तिनं अकरा वर्षं मला झापलं, ते मला तोंडपाठ आहे, यंत्र नसलं तरी ऐकू येतं. तिचा आवाज गेला तो गेला. पण तू तीन वर्षं झाली, माझ्याशी धड बोलत न्हाईस. एकाच्या जागी दोन आवाज गेले माझे." मग जरा वाकून म्हणाले, "सगळं दुसरीकडं उतरवून ठेवलंय ह्या खेपेला. मी काय खुळा न्हाय. लाव."

मी लावली. नऊ मिनिटं लागली, आणि ती नऊ मिनिटं मी त्यांचा हात धरून उभी होते, सगळ्या हॉलसमोर. स्क्रीन उजळली. काकांच्या नातवंडांचे फोटो जागच्या जागी, हिशेबाची वही जागच्या जागी. आणि वर कोपऱ्यात, ऐन शनिवारी, ठळक अक्षरात मंगळवार.

"मंगळवार कसा ओ?" कुणीतरी ओरडलं.

"सतरा नंबर!" अख्खा हॉल एका सुरात ओरडला, आणि मग ज्या टाळ्या वाजल्या त्या थांबेचनात. पडद्यावरचा दोन केव्हा पुसला गेला कुणी बघितलंही नाही. लोक एकमेकांना आपट्याची पानं द्यायला लागले, सोनं संध्याकाळी वाटायचं असतं हे विसरून.

शिक्षण खात्याच्या बाई पुढं आल्या. "ती यादी मला द्या," म्हणाल्या. "आजवर जो आला तो म्हणाला, आमच्यात एकही दोष नाही. यादी घेऊन कुणी आलं नाही." मग त्यांनी मंडळाच्या मशीनवर आपला अभिप्राय लिहिला, "कळवते." खात्याची आजवरची पत्रं त्यात होतीच, पुढं आला तीन. सगळा हॉल बघत होता. बाईंच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्यांनी ते खोडलं आणि लिहिलं, "सोमवारी अकरा शाळांची मशीन पाठवते." एक्क्याण्णव. आणि सोमवारी अकरा शाळांची मशीन टेम्पोनं आली.

त्यानंतर नवव्या दिवशी दुपारी, दुकानात गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा, चाळणीत एक काम येऊन पडलं. दोष क्रमांक सतरा, दुरुस्ती करणार धैर्यशील चौगुले. मला आधी वाटलं, पैसे देऊन कुणाकडून तरी करून घेतलं असेल. उघडलं तर शंकाच उरली नाही, पैसे घेऊन कुणी असलं लिहिणार नाही. वारांची नावं त्यानं एकेक करून सात ठिकाणी लिहिली होती. मध्येच एका ओळीत स्वतःसाठी टीप, "इथं का चालतंय माहीत नाही, हलवू नये." शेजारी तेजस्विनीचा निरोप होता, "वहिनी, दादा रोज संध्याकाळी माझ्याकडं शिकायला येत होते. मी फक्त शिकवलं, लिहिलं सगळं त्यांनी. तुम्हाला सांगू नको म्हणाले."

मी ते चालवून बघितलं. सोमवारला सोमवार, मंगळवारला मंगळवार. लीप वर्षाचा फेब्रुवारी टाकून बघितला, तरी चुकलं नाही. माझी बोटं कळफलकावर होती. पाच मिनिटांचं काम, एवढं पुसायचं आणि नीट लिहायचं. त्याला कळलंही नसतं.

चाळीस ओळी होत्या. तीन पुरल्या असत्या. मी चाळीसच्या चाळीस घेतल्या.